बोट ओढताना पिकअप डोलते? एअर बॅगच्या आधी हे बघा

मिशिगनमध्ये आम्ही उन्हाळ्यात पिकअपमागे बोट जोडून तळ्यावर जातो. पहिल्याच वर्षी हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. मागे मुलं बसलेली, माझे हात गार पडले! तेव्हा जे शिकलो, ते सांगतो.

गाडी मागे का बसते?
ट्रेलरचा भार मागच्या चाकांच्याही मागे, हिचवर पडतो. सी-सॉसारखं मागचं टोक दबतं, पुढचं उचलतं. स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट वर जातात.

एअर बॅग काय करते?
मागच्या पाट्यांना आधार देते. हवा भरली की गाडी सरळ उभी राहते, दणके कमी बसतात. काही कंप्रेसर तर फोनच्या अ‍ॅपवरून चालतात. पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन ती परत आणत नाही. ते काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं. तो घेण्याआधी ट्रेलरच्या ब्रेकला चालतो का, ते विचारा.

मग ट्रेलर डोलतो कशाने?
बहुतेकदा हिचवर भार कमी पडल्याने. साधारण नियम 10 ते 15 टक्क्यांचा: बोटीसकट ट्रेलर 2000 किलो, तर हिचवर 200 ते 300. गाडी आणि ट्रेलरच्या मॅन्युअलमधली मर्यादा मात्र ओलांडू नका. माझा आइसबॉक्स, नांगर, सगळं बोटीत मागे होतं. ते पुढे सरकवलं आणि फरक लगेच जाणवला.

तरीही डोललाच तर?
अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, वेगही वाढवू नका.

एअर बॅग मी नंतर घेतली. सामान सरकवायला एक डॉलरही लागला नव्हता.