मदरबोर्डच्या हीटसिंकचा रंग बदलताना

संगणक स्वतः जुळवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये मदरबोर्डवरील हीटसिंक आपल्या पसंतीच्या रंगात रंगवून घेण्याची पद्धत चांगलीच रुळली आहे. कॅबिनेटच्या काचेआड निळ्या पंख्यांशेजारी लाल हीटसिंक डोळ्यांना खुपतो, एवढे कारण त्यास पुरते. तथापि अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या रायगडच्या किनारपट्टीवर केवळ रंगसंगतीचा विचार करून भागत नाही. येथील हवेत मीठ आहे.

चिपसेट व व्होल्टेज रेग्युलेटरवरील हीटसिंक बहुधा अॅल्युमिनियमचे असतात. या धातूवर आपोआप ऑक्साइडचा थर बसतो, पण तो अवघा काही नॅनोमीटरचा. खाऱ्या दमट हवेतील क्लोराइड तो भेदते आणि धातूला बारीक खड्डे पडतात. कारखान्यात अॅनोडायझिंगने दिलेला थर मात्र साधारण ५ ते २५ मायक्रॉन जाडीचा असतो. सुरेख दिसावे म्हणून तोच थर पॉलिश पेपरने पार घासून काढणे आणि कडा उघड्या ठेवणे, हा येथे होणारा सर्वांत महागडा उत्साह म्हणावा लागेल.

नव्या रंगासाठी पुन्हा अॅनोडायझिंग करणे सर्वोत्तम. सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात वस्तूतून वीजप्रवाह सोडतात, सच्छिद्र थरात रंग मुरवतात आणि उकळत्या पाण्यात छिद्रे बंद करतात. हे काम कारखान्याचेच, घरच्या बादलीत करण्याचे नव्हे. शिवाय सिलिकॉनचे प्रमाण अधिक असलेल्या ओतीव हीटसिंकवर रंग मळकट उठतो.

स्प्रेपेंट हा सोपा मार्ग. मोटारसायकलच्या इंजिनासाठी मिळणारा, उष्णता सहन करणारा रंग घ्यावा. हीटसिंक सोडवताना स्क्रू किंवा स्प्रिंगच्या पिना काढून तो हलकेच फिरवावा. स्क्रूड्रायव्हरने उचकटल्यास चिपचा कोपरा तुटतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. चिपला टेकणाऱ्या पृष्ठभागावर टेप लावावी, तेथे रंगाचा थेंबही नको. बारीक पेपर फिरवून स्वच्छ पाण्याने धुवावे, कारण रंगाखाली मीठ राहिले तर पुढे फोड येतात. पूर्ण वाळल्यावर अॅल्युमिनियमला चिकटणारा प्रायमर आणि त्यावर रंगाचे पातळ हात द्यावेत. पावसाळ्यातील दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते; हे काम दसऱ्यानंतरच काढलेले बरे.

काळा रंग अधिक थंड ठेवतो, हा समज अर्धवट खरा. उघड्या चकचकीत अॅल्युमिनियमपेक्षा रंगवलेला पृष्ठभाग अधिक उष्णता उत्सर्जित करतो, मग तो रंग काळा असो वा पांढरा. पण पंखा असलेल्या कॅबिनेटमध्ये बहुतांश उष्णता वाराच वाहून नेतो. पात्यांच्या फटी बुजवणारा जाड रंग म्हणूनच अधिक घातक.

फाटलेला थर्मल पॅड त्याच जाडीचा नवा घालावा. रंगवण्यापूर्वी व नंतर, सारख्याच कामाच्या भाराखाली अर्धा तास तापमान नोंदवावे. ते लक्षणीय वाढले असेल तर रंगाला दोष देण्याआधी पॅड नीट बसला आहे काय, हे पाहावे.