जत्रेतला फोटोवाला आणि त्याचा पडदा

पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पालीला खंडोबा-म्हाळसेचं लग्न, चैत्रात शिखर शिंगणापूर. माझ्या वडिलांचं वर्ष या क्रमानं चालायचं. राहुटीत मागे रंगवलेला पडदा, पुढे प्लायवूडचं विमान आणि तिपाईवर लाकडी पेटी कॅमेरा.

हा पडदा आमच्या धंद्यात नाटकातून आला, असं मी ठामपणे मानतो. कोल्हापूरचे बाबूराव आणि आनंदराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. दादासाहेब फाळक्यांनीही आधी गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवला, नाटकवाल्यांसाठी पडदे रंगवले. राजवाडा, बाग, कारंजं, वळणदार जिना ही संगीत नाटकातली दृश्यंच लहान होऊन राहुटीत आली. त्यांच्यासोबत वेश पालटायची मुभाही आली. शहरातल्या स्टुडिओत माणूस आपलं नाव, घराणं सांभाळत ताठ बसे. राहुटीत ऊसतोडीवरून आलेला गडी विमानात बसून हात हलवायचा, आणि त्याला कुणी हसत नसे.

पेटीच्या पोटातच अंधारखोली असायची. कापडी बाहीतून हात घालायचा, आत ताटल्यांमध्ये डेव्हलपर आणि हायपो. ब्रोमाइड कागदावर आधी उलटं चित्र उमटे. ते भिंगासमोरच्या फळीवर लावून त्याचाच पुन्हा फोटो घ्यायचा, की सुलटं चित्र हाती. त्या कागदाला निळा रंग पांढरा दिसतो आणि लाल काळा. म्हणून पडद्यावर निळं आभाळ रंगवून उपयोग नव्हता, ते कोरं यायचं. जाणता पेंटर राखाडी छटांतच ढग उभे करी. कुंकू काळंभोर येई, सावळा चेहरा आणखी काळवंडे. वडील मग कागदी निगेटिव्हवर चेहऱ्यापुरतं लाल औषध कुंचल्यानं लावत, म्हणजे सुलट्या फोटोत तो उजळे. हात इतका हलका लागे की मला ते कधी नीट जमलं नाही.

सर्वांत जास्त रांग डबल रोलला. काळ्या पुठ्ठ्यानं अर्धं भिंग झाकून एकदा फोटो घ्यायचा, मग माणसाला दुसऱ्या बाजूला बसवून उरलेलं अर्धं. एकच माणूस स्वतःला चहा देताना दिसे. ‘राम और श्याम’ आला १९६७ साली. तेव्हापासून ही मागणी वाढली आणि १९७२च्या ‘सीता और गीता’नंतर बायकाही ती करू लागल्या, असं वडील सांगत.

असं सोंग घेऊन फोटो काढायचा खेळ आपल्याकडचाच नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जत्रांत लोक कागदी चंद्रकोरीवर बसून फोटो काढून घेत. भोकातून तोंड काढायच्या गमतीदार फळ्यांचं श्रेय तिथल्या कॅशियस कूलिज या चित्रकाराला देतात. पत्ते खेळणाऱ्या कुत्र्यांची प्रसिद्ध चित्रंही त्याचीच. आपल्याकडे बेंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी २०००नंतर मुंबईत जे. एच. ठक्कर यांच्या इंडिया फोटो स्टुडिओत स्वतः नायिका बनून नवरसांची मालिका केली. ठक्कर हे जुन्या हिंदी सिनेमातल्या ताऱ्यांचे फोटोग्राफर. ती चित्रं आज कलादालनांत मानानं लागतात, आणि ते योग्यच आहे. जत्रेतल्या पडद्यांनाही भिंतीवर तेवढी जागा मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

रंगीत रोल आले, मग मोबाइल, आणि राहुट्या उठल्या. मागे उरले ते फोटो. जत्रेत पाणी बादलीभरच मिळे, त्यामुळे फोटो पुरते धुतले जात नसत. कागदात राहिलेला हायपो त्यांना पिवळं करत नेतो. तुमच्या घरी असा फोटो असेल तर मागे मऊ पेन्सिलीनं जत्रेचं नाव, अंदाजे साल आणि माणसांची नावं लिहून ठेवा. कुणाच्या माळ्यावर पडदा पडला असेल तर त्याची घडी मोडा आणि रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळा; रंग तडकायला लागतो तो घडीवरच.