मध्ययुगीन संगीत : मूलभूत संज्ञा

भारतीय संगीताच्या मध्ययुगीन परिभाषेचा मुख्य आधारग्रंथ म्हणजे शार्ङ्गदेवकृत ‘संगीतरत्नाकर’. तो तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने लिहिला गेला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळ काश्मीरचे. तो स्वतः राजदरबारी हिशेबाचा अधिकारी होता. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य व नृत्य असे ग्रंथाचे सात अध्याय आहेत.

सप्तकात २२ श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वरांतरे, मानत. सात स्वरांत त्यांची जी वाटणी होई, तिला ग्राम म्हणत. षड्जग्रामात पंचम चार श्रुतींचा, तर मध्यमग्रामात तीन श्रुतींचा असतो. सारा फरक या एका श्रुतीचा. प्रत्येक ग्रामात एकेका स्वरापासून आरंभ करून सात, म्हणजे एकूण १४ मूर्च्छना होत. पुढे सर्व राग एकाच षड्जावरून गाण्याची पद्धत रूढ झाली आणि ही व्यवस्था मागे पडली. ‘स्वरमेलकलानिधी’त (१५५०) रामामात्याने रागांची विभागणी मेलांत, म्हणजे समान स्वरांच्या गटांत, केलेली दिसते.

नियमबद्ध, प्राचीन संगीत ते मार्ग. प्रदेशोप्रदेशी लोकांच्या आवडीने चालणारे ते देशी. १८ जाती (रागांपूर्वीचे स्वररचनेचे साचे), त्यांतून ग्रामराग आणि पुढे देशी राग अशी परंपरा सांगून शार्ङ्गदेव २६४ राग मोजतो. त्यांतले पूर्वी प्रसिद्ध कोणते आणि आपल्या काळी प्रचारात कोणते, हेही तो वेगळे नोंदवतो. त्याची ही इतिहासदृष्टी फार मोलाची आहे.

प्रबंध म्हणजे बांधीव गीतरचना. स्वर, बिरुद (स्तुतिपर उपाधी), पद, तेनक (‘तेन’ हे मंगलवाचक बोल), पाट (वाद्यांचे बोल) व ताल ही तिची सहा अंगे. उद्ग्राह, मेलापक, ध्रुव व आभोग हे धातू, म्हणजे रचनेचे भाग. पद आणि चाल दोन्ही रचणारा तो वाग्गेयकार. मराठी वाचकाला जवळची वाटेल ती ओवी. ती प्रबंधांत गणली जाई, आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद रत्नाकराच्या आधीच चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त (बारावे शतक) आली आहे. मराठी लोकगीताचा इतका जुना शास्त्रीय दाखला क्वचितच मिळतो.

राग, ताल, गमक हे शब्द आजही चालतात. पण त्यांचे आजचे अर्थ रत्नाकरावर लादू नयेत. शार्ङ्गदेवाचा राग आज त्याच नावाने गायला जात असला, तरी त्याचे स्वर तेच असतील असे धरता येत नाही. संगीतरत्नाकर कल्लिनाथाच्या टीकेसह पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६–९७ मध्ये छापला.