४३,२०,००० : युगाचा की हिशेबाचा आकडा?

महायुगाची ४३,२०,००० वर्षे म्हटली की पुराणांतला अफाट काळ आठवतो. जुन्या ज्योतिषांच्या लेखी मात्र हा आकडा आधी हिशेबाच्या सोयीचा होता, असे मला वाटते. २, ३ आणि ५ हेच त्याचे मूळ अवयव. १८० संख्यांनी त्याला निःशेष भाग जातो. एका महायुगात ग्रहाच्या किती पूर्ण फेऱ्या, म्हणजे भगण, होतात एवढे सांगितले की अपूर्णांक टळतात. आर्यभटाने शनीचे १,४६,५६४ आणि गुरूचे ३,६४,२२४ भगण दिले ते असेच. पण खरी करामत दिवसांच्या संख्येत आहे. आर्यभटीयात महायुगाचे दिवस १,५७,७९,१७,५०० आहेत. वर्षे आणि दिवस, दोन्हींना ७,५००ने भागले की ५७६ वर्षांत २,१०,३८९ दिवस एवढेच उरते. दिवस मध्यरात्रीपासून मोजणाऱ्या अर्धरात्रपद्धतीत महायुगाचे दिवस ३००ने जास्त धरले आहेत. तिथे ५,४००ने भाग जाऊन ८०० वर्षांना २,९२,२०७ दिवस येतात. ब्रह्मगुप्ताच्या खंडखाद्यकात हेच प्रमाण आहे, आणि ब्रह्मदेश-सयामच्या पंचांगांतही. दोन्हीकडे भाग असा नेमका जावा, याला योगायोग म्हणणे अवघड आहे. ३०० दिवसांच्या फरकाने वर्षमान फक्त ६ सेकंदांनी बदलते, आणि आर्यभटाचे वर्षच आजच्या नाक्षत्र वर्षाहून सुमारे ३ मिनिटे २० सेकंदांनी मोठे आहे. म्हणजे शेवटचे अंक वेधांतून येणे शक्यच नव्हते. ते निवडलेले आहेत, आणि भाग जावा म्हणून निवडलेले आहेत.

आकडा तर स्मृतींतलाच, १२,००० दिव्य वर्षे गुणिले ३६०, मग त्यात गणिताचे काय, असे कोणी म्हणेल. आकडा वारशाने आला हे खरेच. पण स्मृतींची ४:३:२:१ ही वाटणी आर्यभटाने सोडली आणि १०,८०,००० वर्षांचे चार सारखे पाद केले. ब्रह्मगुप्ताने त्यावरून त्याला चांगलेच फटकारले. आर्यभटाने सर्व ग्रहांचे भगण ४ने भाग जाणारे ठेवले, त्यामुळे इ.स.पू. ३१०२च्या कलियुगारंभी सगळे ग्रह आपोआप मेषारंभी येतात. स्मृतींच्या वाटणीत कलि महायुगाच्या नऊ दशांशांनंतर सुरू होतो; तिथे हेच साधायला भगणांना १०ने भाग जावा लागला असता. श्रद्धेपेक्षा सोयीला दिलेला हा कौल आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रूढ सूर्यसिद्धांतात दिवस १,५७,७९,१७,८२८ आहेत. वर्षांशी त्यांचा सामाईक भाजक फक्त ४. सोयच हवी होती तर ही २८ची शेपटी कशाला? माझ्या मते तोवर रोजचे गणित करणग्रंथांकडे गेले होते. ते जवळचा आरंभदिन धरत, म्हणून युगाच्या आकड्याला भाग जातो की नाही याची फिकीर उरली नव्हती. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२०च्या ग्रहलाघवात युगाऐवजी ४,०१६ दिवसांचे चक्र घेतले, आणि महाराष्ट्रातली पंचांगे पुढे कित्येक पिढ्या त्याच ग्रंथावरून होत राहिली.