बोरीचा डोळा

पौषात जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैलांच्या गर्दीतून बाहेर पडलं की बोरांचे दोन तऱ्हेचे ढीग दिसतात. एका गोणपाटावर लिंबाएवढी, गुळगुळीत, पिवळसर हिरवी कलमी बोरं. ती तराजूत तोलून मिळतात. जवळच आणे पठाराकडून आलेल्या एखाद्या आजीपुढे गावठी बोरं, लालसर, सुरकुतलेली, आतली बी गरापेक्षा मोठी. ती मापानं. आजी माप भरून वर चार बोरं जास्त टाकते. दिसायला एवढं अंतर, पण दोन्ही ढीग एकाच मुळीवरचे आहेत. कलमी बोरीची मुळी आणि बुडखा गावठी बोरीचाच असतो, त्यावर दुसऱ्या झाडाचा एक डोळा भरलेला असतो. या डोळ्याची कुळकथा मला सांगायची आहे. ती सांगायची तर आधी बोरीची सांगावी लागेल.

‘बोर’ हा शब्द आपण आज म्हणतो तसाच आपल्या पूर्वजांनी म्हटलेला आहे. संस्कृतात ते ‘बदर’. यजुर्वेदी परंपरेतल्या सौत्रामणी यागात कुवल, कर्कंधु आणि बदर अशी बोरांची तीन नावं येतात, म्हणजे बोराबोरांतला फरक तेव्हाच्या लोकांना नीट कळत होता. प्राकृतात मधला ‘द’ गळाला आणि ‘बोर’ झालं. हा बदल इतका वेगळा, की वररुचीनं प्राकृतप्रकाश या व्याकरणग्रंथात या एका शब्दासाठी स्वतंत्र सूत्र खर्ची घातलं आणि बाराव्या शतकात हेमचंद्रालाही त्याची दखल घ्यावी लागली. वररुचीच्या ग्रंथाची मुख्य भाषा महाराष्ट्री प्राकृत. सातवाहनांच्या नाणेघाटाजवळ नांदलेल्या जुन्नरात हा शब्द परका नव्हता आणि आजही नाही. बेल्ह्याच्या बाजारात आजी ‘बोरं घ्या बोरं’ म्हणून हाक देते, त्यातला शब्द दोन हजार वर्षांत झिजलेला नाही. मला याचं फार अप्रूप वाटतं.

फळ तर शब्दाहूनही जुनं. बेल्ह्याहून जवळच कुकडीकाठी बोरी बुद्रुक आहे. तिथल्या नदीपात्रात ज्वालामुखीची राख आणि अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली, म्हणून जगभरच्या अभ्यासकांना या गावाचं नाव माहीत आहे. ते नाव आहे झाडाचं. कुकडी पुढे घोड नदीला मिळते आणि घोडच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात तिथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती निघाली. तिथं जव, मसूर असल्या धान्यांबरोबर जळालेल्या बोराच्या बियाही होत्या. कुणीतरी बोर खाऊन बी चुलीत टाकली असणार. आपणही लहानपणी हेच करत होतो.

पण ती बोरं लावलेली नव्हती. बोर कुणी लावत नसे, ती उगवायची. पाखरं, कोल्हे, शेळ्या बिया नेऊन टाकायच्या आणि बांधाला, ओढ्याच्या काठाला बोर उभी राहायची. माणसाला तिची पहिली गरज काट्यासाठी. बोरीच्या पेराला दोन काटे, बहुधा एक सरळ आणि एक आकडीसारखा वळलेला. सरळ टोचतो, वाकडा सोडत नाही. उन्हाळ्यात फांद्या तोडून बोराटी वाळवायची आणि तिचं कुंपण करायचं. पाला शेळ्यांना. फळं पोरांना, उरलेली वाळवून बोरकुटाला. संक्रांतीला सुगडात बोरं पडतात, रथसप्तमीपर्यंत लहान मुलांना बोरन्हाण घालतात, ती याच फुकटच्या झाडाची कृपा.

माझं एक मत आहे. छाटणीची विद्या या बोराटीतूनच आली असावी. बोर उन्हाळ्यात पानं झाडून झोपी जाते आणि पुढची फुलं फक्त नव्या फुटीवर धरते. चैत्र-वैशाखात कुंपणासाठी जिच्या फांद्या तोडल्या, तीच बोर पौषात वाकेस्तोवर लदबदते, हे बांधावरच्या माणसाला पुस्तकाविना दिसलं असणार. आज एप्रिल-मे महिन्यात छाटा म्हणून सांगतात, ते त्याच कोयत्याचं.

डोळा भरण्याची कल्पनाही जुनी. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत एका झाडाची फांदी दुसऱ्याच्या खोडात किंवा मुळात बसवून शेण लिंपायची रीत सांगितली आहे. नुसता एक डोळा उचलून बसवायचा ही तिचीच बारीक कलाकुसर. नाव तर शेतकऱ्याच्या घरचं. उसाच्या कांडीला डोळा, बटाट्याला डोळा, जिथून कोंब उघडतो तो डोळा. नागपूरकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात, इकडे बोरीचा गावठी बोरीवर. बी लावून चव उतरेलच असं नाही, म्हणून हा खटाटोप.

बांधावरच्या बोरीला आमच्या नानांनी डोळे भरले तेव्हा मी पाणी धरून बसलो होतो. मे महिन्यात त्यांनी गुडघ्याएवढा बुंधा ठेवून झाड कापलं होतं. दोन पावसांत फूट आली. पेन्सिलीएवढे जाड दोन कोंब ठेवून बाकी काढले. मग शेजारच्या मळ्यातून उमराण जातीच्या बोरीची डोळकाडी आली, ओल्या फडक्यात गुंडाळून. पानं कापलेली, देठ तेवढे ठेवलेले. कोंबाच्या सालीवर इंग्रजी टी-सारखा छेद, चाकूच्या मागच्या टोकानं साल हलकेच उचकटली, आत साबणासारखं ओलं लाकूड. डोळ्याची ढालीच्या आकाराची साल त्या फटीत सरकवली आणि खालून वर पट्टी आवळली, फक्त डोळा उघडा. पूर्वी केळीच्या सोपटानं बांधत. ‘हात लावू नको बरं का, पोरा,’ नाना म्हणाले, ‘पंधरा दिवसांनी देठाला विचार.’ पंधरा-वीस दिवसांनी देठाला बोट लावायचं. टपकन गळला तर डोळा जगला. वाळून चिकटून बसला तर मेला, पुन्हा भरा.

नवी बाग धरतानाही खड्ड्यातच गावठी बी टोकून तिथल्या तिथे डोळा भरलेला बरा. बोरीची सोटमुळी खोल जाते. पिशवीत ती वळते, तुटते, आणि मग दुष्काळात झाड टिकत नाही. आणे पठारासारख्या पर्जन्यछायेतल्या मुरमाड रानात सगळी मदार त्या मुळीवर.

बोरीची बाग खऱ्या अर्थानं पसरली ती 1990 साली रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेनंतर. कोरडवाहू शेतकऱ्याला रोपांपासून खड्ड्यापर्यंत अनुदान मिळालं आणि डाळिंब, सीताफळाबरोबर उमराण, कडाका, मेहरूण ही नावं तोंडी आली. त्यातलं मेहरूण जळगावचं. अलीकडे थायलंडकडची मोठी ॲपल बोर आली, नाव सफरचंदाचं असलं तरी जात बोरीचीच. वजनाला भारी, चवीला मला ती पाणचट वाटते.

झाड काटक असलं तरी दुर्लक्ष मात्र सोसत नाही. फळमाशी बोरात अंडी घालते, अळी बाहेर पडून मातीत कोष करते. पडलेली किडकी बोरं वेचून पुरली नाहीत आणि उन्हाळ्यात झाडाखाली नांगरट झाली नाही, तर पुढच्या साली निम्मी बोरं पोखरलेली निघतात. थंडी पडताना कोवळ्या फळांवर भुरी येते, तेव्हा गंधक. आणि सगळ्यांत जपायचं ते बुडाशी. डोळ्याच्या खालून फूट आली तर ती गावठी असते आणि कलमापेक्षा जोरकस. दोन वर्षं ती तशीच सोडली की कलम खाली दबतं, बोरं पुन्हा हरभऱ्याएवढी होतात. आमच्या एका झाडाचं असंच झालं. नानांनी ते काढू दिलं नाही. आता त्याची बोरं आम्ही पोरांच्या बोरन्हाणाला ठेवतो.