डॉस इंटरप्टचे अनुकरण

डॉस इंटरप्टचे अनुकरण म्हणजे डॉससाठी लिहिलेल्या आज्ञावलीने मागितलेली सेवा, मूळ डॉस उपलब्ध नसताना, दुसऱ्या संचालन प्रणालीवरील सुसंगतता स्तराने पुरवणे होय. ३२-बिट विंडोज एनटीमधील एनटीव्हीडीएम, लिनक्सवरील डॉसइम्यू आणि डॉसबॉक्स ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. या लेखातील इंटरप्टचे क्रमांक षोडशमान पद्धतीतील आहेत.

पार्श्वभूमी

इंटेल ८०८६ प्रक्रियकात २५६ इंटरप्टची सोय आहे. प्रत्येक इंटरप्ट आल्यावर चालवायच्या उपआज्ञावलीचा पत्ता स्मृतीच्या आरंभीच्या १,०२४ बाइटच्या तक्त्यात नोंदवलेला असतो. फाइल उघडणे, वाचणे यांसारख्या डॉसच्या सेवा इंटरप्ट २१ द्वारे मिळतात. पडद्यासाठी १० आणि कळफलकासाठी १६ हे बायोसचे इंटरप्ट आहेत. घड्याळाचा इंटरप्ट ८ सेकंदाला सुमारे १८.२ वेळा येतो.

कार्यपद्धती

१९८५ च्या इंटेल ८०३८६ प्रक्रियकात आभासी ८०८६ अवस्था आली. तिच्यात इंटरप्टची आज्ञा अडवून ती नियंत्रक प्रणालीकडे सोपवता येते. प्रक्रियकाच्या ६४-बिट अवस्थेत ही सोय नसल्याने ६४-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नाही. डॉसबॉक्स मात्र प्रक्रियकाचेच अनुकरण करतो.

अनेक आज्ञावल्या तक्त्यात स्वतःचा पत्ता लिहितात आणि आपले काम झाल्यावर जुन्या पत्त्याकडे नियंत्रण देतात. स्तराने तक्ता न पाहता परस्पर सेवा दिल्यास ही साखळी तुटते. म्हणून तक्त्यात लहान उपआज्ञावल्यांचे पत्ते ठेवतात. त्यांतील एक आज्ञा खऱ्या प्रक्रियकावर अवैध असते. ती येताच नियंत्रण स्तराकडे जाते.

इंटरप्टहून परतताना प्रक्रियक स्टॅकवर जपलेली ध्वजचिन्हे पुन्हा लागू करतो. त्यामुळे त्रुटी दर्शवणारे कॅरी चिन्ह स्टॅकवरील प्रतीतच बदलावे लागते. तसे न केल्यास फाइल उघडली नसतानाही आज्ञावली ती उघडली असे समजू शकते.

देवनागरी मजकूर

पुण्यातील सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या जिस्ट कार्डामुळे डॉसच्या मजकूर-आधारित आज्ञावल्यांमध्ये भारतीय लिपी वापरता येत असत. इस्की संकेतप्रणालीत (१९९१ चे भारतीय मानक) या लिप्यांच्या अक्षरांना १२८ पुढील संकेत आहेत. कार्डाविना केवळ इंटरप्टचे अनुकरण केल्यास आज्ञावली चालते, पण त्या संकेतांच्या जागी चौकटी व युरोपीय अक्षरे दिसतात. मूळ संकेत फाइलमध्ये शाबूत असल्याने त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते.