सावळा वर्ण : शब्द, रंगभूषा आणि पडदा

मराठीतील वर्णवाचक शब्दांची उतरंड पाहण्यासारखी आहे. संस्कृत ‘श्यामल’पासून प्राकृत ‘सामल’ व त्यापासून मराठी ‘सावळा’ झाला. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी तो ‘सांवळा’ असा लिहीत. त्या अनुस्वारात मूळच्या मकाराची खूण उरली होती. हा विठ्ठलाचा वर्ण, म्हणून शब्दास हीनत्व नाही. ‘गोरा’ हा मात्र इंग्रजी अमलात वर्णाबरोबर राज्यकर्त्याचाही वाचक झाला. विवाहविषयक जाहिरातींनी ‘गव्हाळ’ व ‘निमगोरा’ हे शब्द विशेष रूढ केले. ‘निमगोरा’तील ‘नीम’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ अर्धा. आपल्या भाषेत निमगोरा आहे, निमकाळा नाही. मोजणी कोणत्या टोकाकडून होते हे यावरून दिसते.

दृश्य कलांत हा पक्षपात कसा शिरला याचा विचार करताना कुडाळ परिसरातील दशावतार उपयोगी पडतो. वालावल, नेरूर येथील जत्रांत रात्रभर चालणाऱ्या या खेळात नट स्वतःच आपली रंगभूषा करतो. राजा व राणी (तीही पुरुषच) यांच्या चेहऱ्यांवर उजळ रंगाचा थर असतो. याचे एक कारण व्यावहारिक असावे, कारण मंद उजेडात दूरच्या प्रेक्षकास चेहरा दिसला पाहिजे. पण पूर्वरंगातील संकासुर काळ्या वेषात येतो आणि मालवणीत बोलतो, तर आख्यानातील राजे प्रमाण मराठीत. काळा रंग व बोली येथे एकाच पात्राच्या वाट्यास आल्या आहेत. तरीही प्रेक्षकांचा लाडका संकासुरच, ही बाब अभ्यासकांनी नजरेआड करू नये.

आरंभीच्या मूकपटांची फिल्म तांबड्या रंगास संवेदनशील नव्हती. त्यामुळे सावळी त्वचा होती त्याहून काळी उमटे आणि चेहऱ्यावर उजळ लेप देणे भाग पडे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस सर्व रंग टिपणारी फिल्म प्रचारात आली आणि ही तांत्रिक अडचण दूर झाली. लेप मात्र गेला नाही. गरज संपल्यावर राहिलेल्या प्रथेस अभिरुची म्हणू लागतात, त्यातलाच हा प्रकार.

दरम्यान बाजाराने आपले काम केले होते. १९१९ मध्ये मुंबईत इ. एस. पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ आणला. पुढे ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द घरोघर रुळला आणि हिमाचा शुभ्रपणा सौंदर्याच्या कल्पनेस चिकटला. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ विक्रीस आणली. तिच्या जाहिरातींत एकच चेहरा पायरीपायरीने उजळत जाई, आणि त्याबरोबर नोकरी किंवा वर मिळे. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या तक्रारीनंतर २००३ मध्ये त्यांपैकी काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने सावळ्या व्यक्तीस दुःखी वा अपयशी दाखवू नये असे नियम केले, आणि २०२० मध्ये नावातील ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले.

याला छेद देणारे उदाहरण स्मिता पाटील यांचे. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारा हा सावळा चेहरा प्रेक्षकांनी स्वीकारला. हंसा वाडकर यांच्या आत्मचरित्रावर आधारित ‘भूमिका’साठी (१९७७) त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातून लोकप्रिय चित्रपटाची रीत पालटली असे मात्र दिसत नाही.

अलीकडचा पुरावा अधिक बोलका आहे. २०१६ मध्ये कुडाळ-सावंतवाडी मार्गावरील आकेरीत चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणीस महाराष्ट्रभर कान मिळवून दिला. म्हणजे संकासुराची बोली पडद्याने घेतली, वर्ण नव्हे. कारण २०१९ मध्ये वर्णभेदाचाच निषेध करणारी ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका आली, तेव्हा नायिकेच्या भूमिकेसाठी रेश्मा शिंदे यांच्या उजळ चेहऱ्यावर गडद रंग चढविण्यात आला. त्याच वर्षीच्या ‘बाला’ या हिंदी चित्रपटातही असेच घडले. सावळ्या नटीसाठी जी भूमिका म्हणून लिहिली गेली, तीही तिच्या हाती आली नाही. निर्मात्यांचा हेतू चांगला असेल. प्रश्न पात्रयोजनेचा आहे.

२०२४ च्या ‘सावळ्याची जणू सावली’ मालिकेत सावळी नायिका पडद्याआडून गाते आणि रंगमंचावर चेहरा दुसरीचा असतो. शीर्षकातला ‘सावळा’ भक्तिपरंपरेतला आहे, कथेतला जाहिरातीतला.